वरच्या फळीवरची जागा

इथला काउंटर सांभाळणाऱ्या काकींच्या चष्म्याची काडी तुटली होती. ती बसवून चष्मा परत द्यायचा, एवढ्याच कामासाठी मी त्या संध्याकाळी इथे आलो होतो. तुम्ही म्हणाल, चष्मेवाल्याला बारमध्ये यायला चष्म्याचं निमित्त कशाला लागतं? लागत नाही. पण घरी सांगायला बरं पडतं.

तुम्ही मघाशी विचारलंत, "इथे काउंटरवर कुणी नसतं का?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. बाहेर धुकं एवढं आहे की घाई करून तुम्ही कुठे पोचणार नाही. तेव्हा बसा. कोट खुंटीला लावा. ती भिंतीकडची खुर्ची नको, तिचा एक पाय लुळा आहे, ही घ्या. मी ओतून दिलेला ग्लास तुम्ही निम्मा केलाय, उरलेला सावकाश संपवा.

या जागेला गुत्ता म्हणा, बार म्हणा, नाहीतर हल्लीच्या पोरांसारखं पब म्हणा. आम्ही 'कोपरा' म्हणतो. पाटीवर दुसरंच नाव आहे, पण ते रंगवणाऱ्यालाही आता आठवणार नाही. रस्त्यापासून दोन-चार पायऱ्या खाली उतरलं की आधी वास येतो. ओल्या लोकरीचा, सांडून वाळलेल्या बिअरचा, आणि काउंटरवर रोज चोळलेल्या लिंबाच्या सालींचा. दिवे पिवळे, तेही मोजके. गाणीबिणी नाहीत. मालक, म्हणजे काकींचे यजमान, म्हणायचे, "गाणं लावलं की माणसं ओरडून बोलतात. मला ओरडणारी माणसं नकोत." आणि तरी त्यांनी कंडक्टरला जन्मभर सहन केलं.

कंडक्टर खरोखरच बसवर कंडक्टर होता. तो रिटायर झाला, त्याचा आवाज झाला नाही. दार तो उघडायचा नाही, धडकायचा. दारावरची ती पितळी घंटी आता तुटून पडते की काय असं वाटायचं. आणि आत आम्ही दोघेच असलो तरी हा पायरीवरून ओरडायचा, "पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!" मग आम्ही मान न वळवता म्हणायचं, "आला कंडक्टर!"

ही इथली पद्धत आहे. घंटी वाजली की येणाऱ्याचं नाव घ्यायचं. आला न्हावी, आला चष्मेवाला. दिवसभर तुमचं कुणी ऐकलेलं नसतं, बायको रुसलेली असते, दुकानात गिऱ्हाईक फिरकलेलं नसतं. पण इथलं दार ढकललं की कुणीतरी तुम्हाला हाक मारतं. मला विचाराल तर माणसं इथे दारूसाठी येत नाहीत, त्या हाकेसाठी येतात. दारू काय, घरीही पिता येते.

दुसरी पद्धत ग्लासांची. आरशाखालची ती फळी दिसते ना, तिथे नेहमीच्या माणसांचे ग्लास असतात. ज्याचा त्याने आणलेला, ज्याचा त्याला. हा टवका उडालेला माझा. आता वर बघा. छताला लागून दुसरी फळी आहे. तिथले ग्लास पालथे घातलेले आहेत. ते गेलेल्यांचे.

आमच्यातलं कुणी गेलं की त्याला शेवटचा निरोप देऊन सगळे इथे जमतात. काकी त्याचा ग्लास भरून त्याच्या जागेसमोर ठेवतात. मग प्रत्येकाने त्याच्याबद्दल एक तक्रार सांगायची. कौतुक करायचं नाही, हा मालकांचा कडक नियम. "कौतुक परक्यांचं करतात," असं ते म्हणायचे. तक्रारी संपल्या की तो ग्लास काकी उंबऱ्याबाहेर रिकामा करतात, पुसतात आणि वरच्या फळीवर, शेवटच्या ग्लासाला खेटून पालथा घालतात. त्यानंतर त्या माणसाला इथे हाक मारायची नाही. बोलण्यात विषय आलाच तर 'वरचा' म्हणायचं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या वेळी रांगेतला शेवटचा ग्लास मालकांचा होता.

तर त्या संध्याकाळी काकींनी दुरुस्त केलेला चष्मा नाकावर चढवला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुझं तोंड स्पष्ट दिसतंय. मोडकाच बरा होता." मी काहीतरी उलट बोलणार तेवढ्यात घंटी वाजली.

"आला न्हावी!"

न्हावी आत आला आणि दाराशीच उभा राहिला. आमच्या गल्लीची सगळी बातमी त्याच्या कात्रीबरोबर फिरते, पण त्या दिवशी बातमी त्याच्या हातात होती. त्याने छातीशी एक कातडी पिशवी धरली होती. कंडक्टरची. पट्टा तुटला तेव्हा कंडक्टरने तो स्वतः लाल दोऱ्याने शिवला होता, इतका वाईट की ती पिशवी ओळखायला डोळे लागत नसत.

"मुलीकडून परत येत होता ना तो... त्या उतारावर गाडी दरीत गेली," न्हावी म्हणाला. "मी दवाखान्यात जाऊन आलो. चेहऱ्याकडे बघवत नाही, काकी. पण कोट त्याचाच. पिशवी त्याच्याच सीटखाली सापडली."

"घरी कळलं?" काकींनी विचारलं.

"वहिनींना सांगूनच इकडे आलो. कागदपत्रं झाल्याशिवाय देह देणार नाहीत म्हणे."

रीतीप्रमाणे आम्ही थांबायला हवं होतं. देह येऊ द्यायचा, निरोप द्यायचा, मग ग्लास. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्याची आठवड्याची सुट्टी होती आणि न्हावी लहान मुलासारखा रडत होता. काकी म्हणाल्या, "परवापर्यंत त्याला ताटकळत ठेवायचं? वाट बघायची सवय नाही त्याला. आजच करून टाकू." कुणी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच हाताला काहीतरी काम हवं होतं.

काकींनी त्याचा जाड बुडाचा ग्लास भरून ठेवला. न्हावी म्हणाला, दाढी करताना हा गप्प बसायचा नाही, कापलं की शिव्या मात्र मला. मी म्हटलं, आयुष्यभर माझ्याकडून चष्मा घेतला नाही, डोळे चांगले आहेत म्हणून मिरवलं आणि माझ्या धंद्याची टर उडवली. बाकीच्यांनी आपापलं सांगितलं. शेवटी काकी म्हणाल्या, "मेल्याने दार कधी हळू लावलं नाही."

स्टुलावर चढून त्यांनी तो ग्लास मालकांच्या ग्लासाला खेटून पालथा घातला. त्याबरोबर वरची सगळी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत किणकिणली. भरलेल्या बसमध्ये कुणी नवीन चढलं की बसलेली माणसं थोडी थोडी सरकतात, तशी. काकी वरची फळी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "रस्त्यावरून ट्रक गेला वाटतं." रस्त्यावर काही नव्हतं. मी बाहेर बघत होतो.

सुट्टीनंतरच्या संध्याकाळी आम्ही परत जमलो. आजच्यासारखंच धुकं होतं. न्हावी माझ्या डाव्या हाताला, उजव्या हाताला कंडक्टरचं रिकामं स्टूल. काकी काउंटर पुसत होत्या, पुसलेलंच परत पुसत होत्या.

"काय रे, तोंडं कसली पाडलीत? कुणी मेलंय का?"

माझ्या उजवीकडून आवाज आला. मी वळलो. स्टुलावर कंडक्टर बसला होता. अंगात कुणाचातरी आखूड बाह्यांचा स्वेटर, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर तेच हसू.

न्हावी किंचाळला. काकींच्या हातातलं फडकं गळून पडलं. मग आम्ही त्याच्यावर तुटून पडलो, त्याला चापटून, चिमटे काढून खात्री करून घेतली. तो जिवंत होता! शेजारच्या सीटवरचा म्हातारा थंडीने कुडकुडत होता, म्हणून यानेच त्याला आपला कोट पांघरला होता. पुढे एका थांब्यावर बाई पुरती उतरायच्या आत नव्या कंडक्टरने घंटी मारली. "मी म्हटलं, घंटी मारायच्या आधी मागे बघ. तर मला म्हणतो, आजोबा, गप्प बसा. आजोबा! तिथेच उतरलो मी गाडीतून." रागाच्या भरात कोट आणि पिशवी दोन्ही गाडीतच राहिलं. थांब्यावर जुना ड्रायव्हर भेटला, त्याच्या घरी राहिला, आणि आता घरी जायच्या आधी घसा ओला करायला इकडे वळला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

न्हावी वहिनींना सांगायला धावला. मला इतका आनंद झाला होता की मी रडत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"माझा ग्लास कुठाय?" कंडक्टरने विचारलं.

काकींचा हात सवयीने खालच्या फळीकडे गेला आणि थांबला. त्यांनी वर बघितलं. कंडक्टरनेही बघितलं.

"म्हणजे मला वर पोचवलंत की!" तो हसत सुटला. "कोण काय म्हणालं? एकूण एक तक्रार सांगा मला."

आम्ही सांगितल्या. हसून हसून त्याला ठसका लागला. काकींनी त्याला दुसऱ्याच एका ग्लासात ओतून दिलं. "आज यातून घे," एवढंच म्हणाल्या. त्या मात्र हसत नव्हत्या.

घरी जायला तो उठला, नेहमीसारखं दार त्याने धाडकन ओढलं आणि गेला. घंटी वाजली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो आला तेव्हाही वाजली नव्हती. मी उठून दार उघडून पाहिलं. माझ्या हाताने ती छान वाजली.

पुढचे काही दिवस मी मनाची समजूत घालत राहिलो. कंडक्टर रोज यायचा, पण येताना कुणी त्याला पाहायचं नाही. घंटी नाही म्हणून हाक नाही. पेला अर्धा झाल्यावर कधीतरी ध्यानात यायचं की तो बसलाय, केव्हाचा. काकी सगळ्यांचे ग्लास भरत जायच्या आणि त्याचा राहायचा. मग त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या, "अरे, तुला दिलंच नाही की रे!" एकदा एका परक्या माणसाने मला विचारलं, "हे स्टूल रिकामं आहे ना?" कंडक्टर त्यावर बसला होता. मी काही बोलायच्या आत तोच उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. जन्मभर लोकांना जागा करून देणारा माणूस.

मग एका दुपारी वहिनी माझ्या दुकानात आल्या. चष्म्याचं काही नव्हतं. बराच वेळ काचेखालच्या फ्रेमी बघत राहिल्या.

"भाऊजी, एक विचारू? माझं डोकं फिरलंय असं म्हणू नका."

"विचारा की वहिनी."

"हे परत आले तेव्हा मला वाटलं, आता आणखी काही मागायचं नाही. आणि आता मी ह्यांना जेवायला वाढायचं विसरते. एक दिवस नाही, रोज. माझं जेवून होतं, ताट उचलते आणि मग दिसतं, समोर बसलेत. मागत नाहीत. नुसते बघत असतात." त्यांनी पदराने डोळे टिपले. "काल मी दिवा मालवला, बाहेरून कुलूप लावलं आणि बहिणीकडे गेले. परत आले तर अंधारात... तिथेच, खुर्चीवर. भाऊजी, अशी कुठली बायको असते हो, जी आपल्या माणसाला विसरते?"

वय झालं, दमणूक झाली, धक्का बसला होता, असलं काहीबाही बोललो. त्या गेल्या. मी वळलो तर डोळे तपासायच्या खुर्चीत कंडक्टर बसला होता.

"केव्हा आलास?"

"ती यायच्या आधी," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. त्याचा आवाज! "तपास. काय बिघडलंय ते बघ एकदा."

मी समोरचा तक्ता उजळला. त्याने वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं वाचली, सर्वांत खालची बारीक ओळसुद्धा.

"डोळे ठणठणीत आहेत तुझे."

"माझे नव्हेत रे, लोकांचे तपास. बसला हात केला, गाडी थांबली नाही. बागेत बाकावर बसलो, तर एका बाईने भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली." तो हसला, पण मला हसू आलं नाही. "चष्मेवाल्या... मी आहे ना?"

मी उगाच हाताला चाळा म्हणून छोटा टॉर्च घेतला आणि त्याच्या डोळ्यात उजेड टाकला. डोळ्यावर उजेड पडला की आतली बाहुली आक्रसते. तान्ह्या बाळाची आक्रसते, आंधळ्या झालेल्या कित्येकांचीही आक्रसते. तो माणसाच्या हातातला प्रकारच नाही. कंडक्टरच्या डोळ्यातली बाहुली हलली नाही. मी दुसरा डोळा पाहिला, परत पहिला पाहिला. दोन मोठी काळी भोकं, स्थिर. टॉर्चच्या उजेडात ती माझ्याकडे विश्वासाने बघत होती.

"आहेस," मी म्हटलं. "आहेस रे बाबा." टॉर्च मी खिशात टाकला.

मी तसाच दुकान बंद करून इथे आलो. दुपारची वेळ, कोपरा उघडलेला नव्हता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, वरच्या खिडकीतून करडा उजेड. काकी काउंटरमागे बसल्या होत्या आणि वरच्या फळीकडे बघत होत्या. त्यांना मी काही सांगायची गरज पडली नाही.

"तो ग्लास खाली काढा, काकी. ज्या हाताने घातला त्याच हाताने काढा. सोपं आहे."

"सोपं नाही रे," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांच्या वेळी असाच एक काढला होता. गेलेल्याच्या मुलाला आठवण म्हणून हवा होता, म्हणून दिला. रांगेत तेवढी जागा मोकळी झाली. आठवडा पुरा व्हायच्या आत सासऱ्यांचा धाकटा भाऊ गेला. धडधाकट माणूस, इथेच बसल्या बसल्या. त्याचा ग्लास बरोबर त्या जागेत बसला. ह्यांनी मला लग्न झाल्यावर पहिली गोष्ट सांगितली ती ही. वर जागा मोकळी ठेवायची नाही."

"मग आता काय करायचं?"

"काही करायचं नाही," कंडक्टर म्हणाला.

तो त्या दाराजवळ उभा होता. आत येताना मी दाराला आतून कडी लावली होती, ती तशीच होती. काकींनी चष्मा सारखा केला, डोळे बारीक केले, आणि मग त्यांना तो दिसला असावा.

"आयुष्यभर गाडीत जागा केली मी लोकांना," तो म्हणाला. एकेक शब्द जोर लावून उच्चारत होता. "माझी जागा नको म्हणून दुसऱ्या कुणाला तिथे ढकलणार नाही. न्हाव्याला? ह्या चष्मेवाल्याला? नको काकी. फक्त... हिला सांगा, तिची चूक नाही. ती विसरते त्यात तिची चूक नाही."

"अरे, मला एक दिवस थांबता आलं नाही," काकी म्हणाल्या. त्या रडत होत्या. "तुझी नाही, तिची नाही, चूक माझी आहे. थांब, जाऊ नकोस..."

पण तिथे आता दारच दिसत होतं, कडी लावलेलं.

मग काकींनी नाक पुसलं आणि वर बोट दाखवलं. "ह्यांच्या ग्लासाच्या शेजारची जागा आहे ती. मी मनात माझ्यासाठी धरून ठेवली होती. आणि मीच त्याला तिथे नेऊन बसवलं."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी घाबरलो. "काकी, काही वेडंवाकडं करू नका."

"मी कसली करतेय? आणि मी काय पिते तरी का, की माझा ग्लास असावा?" त्या चक्क हसल्या. "जा तू. वहिनीला गाठ, तिची समजूत घाल. आणि उद्या वेळेवर ये."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वेळेवर आलो. न्हावी होता, बाकीचेही होते. काकी काउंटरवर होत्या. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, त्यांनीही हलवली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आणि तेवढ्यात दार धडकलं. घंटी अशी वाजली की न्हाव्याने कानावर हात ठेवले. "पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!"

"आला कंडक्टर!" आम्ही छप्पर उडेल इतक्या जोरात ओरडलो.

तो धापा टाकत आत आला, केस विस्कटलेले, गालांवर रंग. "बस थांबली," तो सांगत सुटला. "हात केला आणि थांबली! आणि आज सकाळी हिने मला उठवलं, चहा दिला आणि भांडली माझ्याशी!" मी त्याला दिव्याखाली ओढलं आणि टॉर्च काढला. उजेड पडताच बाहुली झटकन मोहरीएवढी झाली. तो माझ्या हातावर फटका मारून म्हणाला, "आंधळा करशील मला."

काउंटरवर त्याच्या जागेसमोर त्याचा जाड बुडाचा ग्लास सुलटा, भरलेला, तयार होता.

मग मी वर बघितलं. मला वाटलं होतं रांगेत एक खाच दिसेल. खाच नव्हती. मालकांच्या ग्लासाला खेटून एक छोटा, निळ्या काठाचा पेला पालथा घातलेला होता. तो मी कित्येकदा पाहिला होता. काकी त्यातून पाणी प्यायच्या.

मी काकींकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कंडक्टरकडे खूण केली. तो मोठमोठ्याने हसत होता. त्याला कळू द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात घंटी वाजली आणि एक परका माणूस आत आला. तुमच्यासारखाच, धुक्यात वाट चुकलेला. तो सरळ काउंटरपाशी गेला. काकी त्याच्यासमोर उभ्या होत्या, इतक्या जवळ की हात लांबवला तर लागेल. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, लाकडावर बोटांनी टकटक केलं.

"कुणी आहे का?" तो म्हणाला.

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा काढला, मी बसवलेली काडी नीट मिटली आणि तो काउंटरवर ठेवला. रिकाम्या जागेतून चष्मा आलेला पाहून तो माणूस दचकून एक पाऊल मागे सरला. कंडक्टरचं हसणं तिथेच थांबलं. तो वर बघत होता.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वरच्यांना हाक मारायची नाही, हा नियम आम्ही त्याच रात्री मोडला. कंडक्टरनेच मोडला. रोज आत आल्यावर आधी तो काकींना हाक मारतो, त्या सगळ्या आवाजानिशी, आणि मग आम्ही सगळे मारतो. हाक मारली की त्या दिसतात. काउंटर पुसत असतात, कुणाचा ग्लास रिकामा झालाय ते बघत असतात. आम्हाला तेवढं पुरतं. पूर्वी एक हाक पुरायची. हल्ली दोन-तीनदा मारावी लागते, आणि परवा तर न्हाव्याने मला हळूच विचारलं, "तुम्ही कुणाला हाका मारता रे?" मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हे सांगतो. हाक मारणारा एक तरी वाढावा, दुसरं काही नाही.

हे बघा, मी जागचा उठलेलो नाही, आणि आत दुसरं कुणी नाही. तुमचा ग्लास मघाशी निम्मा होता, तुम्हीच पाहिलाय. आता तो काठोकाठ भरलाय. घाबरू नका. उचलायच्या आधी एकदा 'काकी' म्हणा.

अहो, काउंटरकडे नका बघू. इकडे... तुमच्या उजव्या हाताला.